डोळ्यात हर्पीस: गेल्या वर्षी 'स्टेरॉईड घालू नका', यंदा 'स्टेरॉईड घाला'. नक्की काय समजायचं?

सावईचा_नटसम्राट_नव्हे

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सावई-वेऱ्याचा, वय ४६. कुंडईच्या वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो आणि जत्रेच्या नाटकात दरवर्षी काम असतंच. साखर नाही, प्रेशर नाही.

गेल्या पावसाळ्यात उजवा डोळा लाल झाला. उजेड सोसेना, पाणी थांबेना, सारखं काहीतरी खुपायचं. जवळच्याच एका डॉक्टरांनी 'डोळे आलेत' म्हणून थेंब दिले. लाली उतरली, बरंही वाटलं, पण नजर मात्र धूसर होत चालली. मग फोंड्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदाची पिवळी पट्टी डोळ्याला टेकवली, निळा दिवा मारला आणि माझ्याच मोबाईलवर फोटो काढून मला दाखवला. बुबुळावर हिरवीगार चमकणारी, फाटे फुटलेली रेघ! म्हणाले, हा हर्पीसचा व्हायरस. आधीची बाटली बघून तर भडकलेच. 'यात स्टेरॉईड आहे, हे पुन्हा डोळ्यात जाता कामा नये.' ॲसायक्लोव्हिर या व्हायरसवरच्या औषधाचं मलम दिवसातून पाच वेळा लावलं, जखम भरली, विषय संपला असं वाटलं.

यंदा चवथ झाली, तालमी सुरू झाल्या आणि वहीतली अक्षरं उजव्या डोळ्याला पुसट दिसू लागली. लाली जेमतेम, दुखणं तर नाहीच. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कापसाची बारीक वात करून दोन्ही बुबुळांना टेकवली. डावा डोळा टचकन मिटला. उजवा तसाच उघडा! काही लागल्याचं मला कळलंच नाही. म्हणाले, वर जखम नाही, पण मधोमध गोल सूज आहे. आणि चिठ्ठीवर काय, तर प्रेडनिसोलोनचे थेंब, म्हणजे स्टेरॉईडच, दिवसातून सहा वेळा. सोबत ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या, त्याही पुढे वर्षभर. बाहेर रांग लागलेली, मी विचारलं तर 'या वेळी गरज आहे' एवढंच उत्तर मिळालं.

आता घरी महाभारत. बायकोला गेल्या वर्षीचं वाक्य पाठ आहे. तिने बाटली फ्रिजवर नेऊन ठेवलीय, हात लावू देत नाही. डॉक्टर विसरले की माझं काहीतरी चुकतंय? वर्षभर गोळ्या घेऊन किडनीचं काय? आणि यंदा मला राक्षसपार्टी आहे, डोळ्याभोवती काजळ जाड लागतं, ते चालेल का? घरात दहावीतला मुलगा आहे, त्याला लागण होईल का? जाणकारांनी सांगावं.

खांडेपारकार

स्टेरॉईड म्हणजे स्लो पॉयझन, वहिनी बरोबर बोलतात. आमच्या आजीचा उपाय सांगतो: पांढऱ्या कांद्याचा रस आणि मध, रात्री एक थेंब. झणझणतं पण सगळी घाण पाण्यावाटे निघून जाते. आणि वर्षभर गोळ्या? किडनी गेलीच समजा.

बांबोळीची_मावशी

खांडेपारकार, तुमच्या आजीला नमस्कार, पण कांदा जेवणात ठेवा. ज्या डोळ्याला कापूस लागलेला कळत नाही त्यात झणझणीत काही घातलं तर साल सोलली गेलेलीही कळणार नाही, आणि त्या जखमेत बॅक्टेरिया किंवा बुरशी शिरली की मग खरं रडायची पाळी.

सावईकार भाऊ, मी डॉक्टर नाही. सरकारी इस्पितळात डोळ्यांच्या ओपीडीत ऑप्थॅल्मिक असिस्टंट म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. ती पिवळी पट्टी टेकवायचं काम माझंच असायचं. तुमची चिठ्ठी मी पाहिलेली नाही, पण जे लिहिलंत त्यावरून डॉक्टर काही विसरलेले दिसत नाहीत. दोन्ही वेळा ते बरोबरच बोलले. फक्त दुसऱ्या वेळी अजून दोन मिनिटं बोलायला हवे होते. सांगते.

बुबुळावरची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. जाडी मध्यावर साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात थर बरेच, पण तुमच्या कामाचे तीन: वरची पातळ साल, मधला जाड गाभा (जवळजवळ ९० टक्के जाडी त्याचीच) आणि सगळ्यांत आत पेशींचा एकेरी पडदा, जो काचेतलं पाणी सतत बाहेर उपसत असतो. तो आहे म्हणून काच स्वच्छ राहते.

गेल्या वर्षीची फाटे फुटलेली रेघ सालीवर होती. तिथे व्हायरस जिवंत असतो, एका पेशीतून शेजारच्या पेशीत घुसत असतो. शरीराची फौज त्याला अडवत होती आणि त्या पहिल्या थेंबांनी फौजेचेच हात बांधले. लाली उतरली ती त्यामुळे, व्हायरस मेला म्हणून नव्हे. अशा वेळी नुसतं स्टेरॉईड चालू ठेवलं की ती बारीक रेघ पसरून रुंद व्रण होतो, आणि भरला तरी मागे फूल ठेवून जातो. तुमची नजर धूसर होत गेली ती याच वाटेने. डॉक्टर भडकले ते योग्यच झालं. लाल डोळा दिसला की स्टेरॉईड मिसळलेले थेंब द्यायची खोड आपल्याकडे फार जुनी आहे. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, पण चिठ्ठी देणाऱ्याने त्या पिवळ्या पट्टीने डोळा रंगवून पाहिलाच नसेल तर त्या चिठ्ठीचा उपयोग काय?

यंदाची गोष्ट वेगळी. सालीवर जखम नाही, म्हणजे वर व्हायरस पसरत नाहीये. बिघाड आतल्या पडद्याशी आहे. तिथे व्हायरसचे जे अंश आहेत त्यांच्यावर शरीर भलतंच तुटून पडलंय. त्या मारामारीत पाणी उपसणाऱ्या पेशी जायबंदी होतात, काचेचा गाभा पाणी धरतो, मधोमध गोल सूज येते आणि वहीतली अक्षरं पुसतात. नुकसान करतेय ती मुख्यतः आपलीच फौज. तिला आवरायला स्टेरॉईड लागतंच. सोबत ॲसायक्लोव्हिर दिलंय ते याच्यासाठी, की फौज आवरलेली असताना व्हायरसने वर डोकं काढू नये. याची रीतसर तपासणी अमेरिकेत झाली आहे, निकाल १९९४ साली छापून आले. गाभ्याची सूज असलेल्या रुग्णांत व्हायरसविरोधी औषधासोबत स्टेरॉईडचे थेंब दिले तेव्हा सूज लवकर आटोक्यात आली आणि चिघळायचं प्रमाणही बरंच कमी राहिलं.

तेव्हा वहिनींना सांगा, बाटली फ्रिजवरून खाली काढा. पण त्यांची भीती फुकट नाही, ती दुसरीकडे वापरा. गोळ्या न घेता नुसते थेंब घालायचे नाहीत. डोळा एकदम लाल होऊन खुपायला लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं, कारण सालीवर पुन्हा रेघ उठली असेल तर सगळं गणित बदलतं. आणि प्रत्येक फेरीला डोळ्याचा दाब मोजायला लावा. स्टेरॉईडने दाब चढतो, हर्पीसनेही चढतो, आणि चढलेला कळत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, जे मी ओपीडीत सांगून सांगून दमले. हे थेंब दोन आठवड्यांत डोळा स्वच्छ करतात. माणूस खूश. मग जत्रा येते, घरात लग्न निघतं, बाटली संपते आणि नवी आणली जात नाही. पंधरवड्यात तोच माणूस भिंत धरत धरत परत, सूज आधीपेक्षा जास्त. सहावरून चार, चारवरून तीन, असं करत शेवटी दिवसाआड एक, इतकं हळू उतरायचं असतं, आणि ते कधी कधी काही महिने चालतं. कुठल्या आठवड्यात किती, ते डॉक्टर सूज बघून ठरवतील. 'नीट दिसतंय' हे थांबायचं कारण नव्हे.

गोळ्यांबद्दल. हा व्हायरस बहुतेकांना लहानपणीच मिळतो, कोणीतरी मोठ्या माणसाने घेतलेल्या पाप्यातून. मग तो चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत, कवटीच्या तळाशी जाऊन झोपतो. काहींना ताप आला की ओठावर पुटकुळ्या उठतात, तो हाच. काहींच्या बाबतीत तो नसेच्या दुसऱ्या फांदीने डोळ्यात उतरतो. ॲसायक्लोव्हिर झोपलेल्या व्हायरसला काही करत नाही. त्याची खुबी अशी की व्हायरस जागा होऊन पेशीत काम सुरू करतो तेव्हा त्याचंच एक एन्झाइम या औषधाला चालू करतं, आणि मग औषध त्याची नक्कल थांबवतं. निरोगी पेशीत ते जवळजवळ निपचित पडून असतं. म्हणूनच लांब मुदतीला झेपतं. या तऱ्हेची औषधं शोधण्याच्या कामासाठी गर्ट्रूड एलियन बाईंना १९८८ चं नोबेल मिळालं, ते इतर दोघांसोबत वाटून.

वर्षभर का, त्याचाही हिशेब आहे. ७०३ रुग्णांवर पाहिलं गेलं: अर्ध्यांना रोज ४०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, अर्ध्यांना खोट्या गोळ्या. वर्षभरात डोळ्याचा हर्पीस उलटला तो गोळीवाल्यांत १९ टक्क्यांना, बाकीच्यांत ३२ टक्क्यांना. तुमच्यासारखं गाभ्याला आधीच एकदा झालेल्यांत फायदा जास्त दिसला, २८ चे १४ टक्के. म्हणजे हमी नाही, पण निम्म्याने धोका कमी होणं ही काय लहान गोष्ट? सालीचं दुखणं भरून निघतं. गाभ्याचं दर खेपेला काहीतरी मागे सोडतं. किडनी धडधाकट असेल तर या डोसला सहसा अडचण येत नाही. सुरू करताना क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या, पाणी भरपूर प्या, आणि दुसरी कुठली औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, विशेषतः दुखण्यावरच्या गोळ्या.

काजळ: सूज उतरून डोळा शांत होईपर्यंत बिलकूल नाही. नंतरही कंपनीच्या डबीतलं सगळ्यांचं मिळून एक काजळ नको, स्वतःचं नवं, आणि पापणीच्या आतल्या कडेला नाही. रंग काढताना डोळा चोळू नका. तुमचा उजवा डोळा लागलेलं सांगत नाही, हे नाटकभर लक्षात ठेवा. आणि एरवीही. दुखत नाही म्हणून बरं आहे, हा हिशेब त्या डोळ्याला आता लागू नाही. रोज एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचा, तीच तुमची तपासणी.

मुलाची काळजी करू नका. व्रण असताना डोळ्यातल्या पाण्यात व्हायरस असतो, तेव्हा टॉवेल-उशी वेगळी ठेवायची आणि हात धुवायचे. आता व्रण नाही. आणि बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो आधीच असतो. जपायचं ते तान्ह्या बाळाला. ओठावर पुटकुळ्या असताना बाळाची पापी घ्यायची नाही, तिथे हा व्हायरस जिवावर उठतो.

सावईचा_नटसम्राट_नव्हे

मावशी, देव बरें करूं! तुमचं लिखाण बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. भिंतीच्या वाक्यापाशी तिने फ्रिजकडे पाहिलं. एक शंका: दोन्ही वेळा जागरणं चालू असतानाच झालं. तालमी सोडाव्या लागतील का?

बांबोळीची_मावशी

सोडू नका. जागरण, ऊन, टेन्शन, सगळे हेच म्हणतात, मलाही बरीच वर्षं तेच वाटायचं. पण गोळ्यांचा तो अभ्यास करणाऱ्यांनीच रुग्णांकडून दर आठवड्याला वही भरून घेतली होती: ताण किती, ऊन किती, ताप आला का. दुखणं उलटायच्या आधी भरलेल्या वह्यांत ताणाचा काही ठाम संबंध दिसला नाही. ज्यांनी दुखणं सुरू झाल्यावर मागे वळून वही भरली त्यांना मात्र 'फार ताण होता' असं आठवलं. माणूस कारण शोधतोच. तालमीला जा, फक्त हॅलोजनकडे तोंड करून उभे राहू नका, सूज असताना उजेड खुपतो. आणि घरून निघताना थेंब खिशात.

पेडण्याची_सुनबाय

माझ्या सासूबाईंचं सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. त्यांना नागीण उठली, कपाळाच्या डाव्या बाजूला. आमच्याकडे नागीण म्हटली की आधी लेप घालणारा. सिंदूर की काय ते पाल्याच्या रसात कालवून लावलं, 'तोंड-शेपूट जुळू द्यायचं नाही' म्हणून कडेने रेघ ओढली. चार दिवस गेले. मग नाकाच्या शेंड्यावर फोड आले आणि डोळा सुजून बंद. म्हापशाच्या इस्पितळात तरुण डॉक्टरीण होती, तिने डोळ्याआधी नाक पाहिलं आणि लगेच वरच्यांना बोलावलं. ॲसायक्लोव्हिरच्या मोठ्या गोळ्या दिवसातून पाच वेळा दिल्या. फोड गेले पण डोळा अजून कोरडा, संवेदना कमी, साल सारखी निघते. हा तोच हर्पीस का? नाकाचा काय संबंध?

बांबोळीची_मावशी

घराणं तेच, व्हायरस वेगळा. तुमच्या सासूबाईंचा कांजिण्यांचा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तोही नसेत झोपतो आणि म्हातारपणी एका नसेच्या पट्ट्यात उठतो. पट्टा एकाच बाजूला असतो, मधली रेषा सहसा ओलांडत नाही. त्यामुळे तोंड-शेपूट जुळायची भीती बाळगण्यात अर्थ नाही.

नाकाचं असं: नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला पुरवठा करणारी नस एकच. शेंड्यावर फोड दिसले की डोळ्यात शिरकाव व्हायची शक्यता पुष्कळ वाढते. त्या डॉक्टरणीला शंभर गुण. पण नाकावर काही नाही म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. कपाळावर किंवा पापणीवर नागीण उठली की डोळे तपासायचेच. गोळ्या (८०० मिलिग्रॅम, पाच वेळा, सात ते दहा दिवस) पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर सगळ्यांत जास्त उपयोग. लेपवाल्याकडे गेले ते नेमके तेच तास. लेपाने डोळ्याचं वाईट केलं असं मी म्हणत नाही, वेळ खाल्ला.

आताच्या दुखण्याला व्हायरसपेक्षा नस मेल्याचा त्रास म्हणा. संवेदना नाही, म्हणून पापणी कमी लवते, पाणी कमी येतं, साल भरत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू वारंवार घालायचे, रात्री जेल, आणि झोपेत डोळा अर्धवट उघडा राहतो का ते तुम्हीच बघा, त्यांना कळणार नाही. तरी साल निघत राहिली तर पापण्या काही काळ थोड्या शिवून ठेवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्याने वाचलेले डोळे मी पाहिलेत. कॉर्निया बघणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या, नुसत्या चष्म्याच्या दुकानात नको. आणि घरात पन्नाशीपुढचे इतर कोण असतील त्यांच्यासाठी नागिणीची लस आता भारतात मिळते, दोन डोस, महाग आहे. डॉक्टरांना विचारा.

पर्वरीचो_पोरगो

२०२३ च्या साथीत माझे डोळे आले होते, नंतर कित्येक महिने दिव्यांभोवती वलयं दिसायची. डॉक्टर म्हणाले कॉर्नियावर ठिपके राहिलेत. म्हणजे मलाही आयुष्यभर ॲसायक्लोव्हिर?

बांबोळीची_मावशी

नाही रे बाबा. वर्णनावरून तुझा ॲडिनोव्हायरस वाटतो, डोळे आणणारा दुसराच व्हायरस. त्याच्यावर ॲसायक्लोव्हिर चालत नाही आणि तो नसेत लपूनही बसत नाही. ठिपके म्हणजे शरीराने मागे ठेवलेला राडा, बहुतेकांचे महिन्या-वर्षात विरतात. नजर फारच अडत असेल तर सौम्य स्टेरॉईड देतात, पण थांबवलं की ठिपके परत उठू शकतात, म्हणून डॉक्टर हात राखून देतात. आणि सावईकारांची चिठ्ठी वाचून आपल्या डोळ्यात काही घालू नकोस.

खांडेपारकार

मावशी, कांदा मागे घेतो. पण मेव्हण्याच्या डोळ्यात परवा सुपारी काढताना झावळीचं पात लागलं, लाल झालाय. त्यालाही हर्पीसच का?

बांबोळीची_मावशी

झाडपाला लागून झालेल्या जखमेत आधी बुरशीचा संशय धरतात. तिथेही स्टेरॉईड घातलं तर वाट लागते, आणि व्हायरसचं मलम काहीच करत नाही. आज संध्याकाळच्या आत दाखवा. जखम खरवडून काचपट्टीवर घेऊन बघतील, मग औषध ठरेल. घरी पडलेली जुनी बाटली कुणाचीही असो, घालू नका.

सावईचा_नटसम्राट_नव्हे

कळवतो. फेरतपासणी झाली. दाब नॉर्मल, सूज निम्म्याहून कमी, थेंब सहाचे चार केले. क्रिएटिनीनही ठीक. या खेपेला डॉक्टरांनी सूज चित्र काढून समजावली, मी विचारलं म्हणून असेल. राक्षस दुसऱ्याला दिला, मला सूत्रधार दिलाय, रंग बेताचा. पुढच्या आठवड्यात त्यांनी डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) बघायला बोलावलंय. काही खबरदारी?

बांबोळीची_मावशी

सगळ्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगू नका. पडदा बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतील, चार-पाच तास जवळचं धूसर दिसेल आणि ऊन डोळ्यात घुसेल. गॉगल न्या. स्कूटर घरी ठेवा, कदंबाच्या बसने जा.